गिलक्याला दगड बांधणाऱ्या अक्का

इंदूअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ओट्यावर बसून गिलक्याला दगड बांधत होत्या. वाफवून गार केलेलं अर्धं गिलकं आणि त्याला पांढऱ्या दोऱ्याने आवळलेला नदीतला गोटा. मी आणि माझा नवरा मधुकर धुळ्यात त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळतात का ते विचारायला गेलो होतो. घरमालकीणबाईंनी आमच्याकडे न बघताच दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "बसा. पहिले त्यासले जेवाले देस, मंग खोली दाखाडस." घरात कोणी आजारी असेल असं समजून आम्ही आवाज खाली आणला. अक्का आत गेल्या आणि ते गिलकं त्यांनी कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत सोडून दिलं.

टाकीत त्यांचे मासे होते. मासे म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे लाल-सोनेरी झगमगतं, त्यातलं काही इथे नव्हतं. काळपट, चपटे, ठिपक्यांचे, पोटाकडे चोखणारं तोंड असलेले, दिवसभर काचेला चिकटून शेवाळ खरवडणारे दोन जीव. नराच्या नाकाडावर मऊ काट्यांचा एक जुडगा फुटलेला. अक्कांच्या भाच्याने ही जोडी मुंबईहून एसटीने, पाणी भरलेल्या पिशवीत घालून आणली होती, काच स्वच्छ राहील म्हणून. दुकानदाराने नाव सांगितलं होतं ब्रिसलनोज. अक्कांनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. नर झाला दाढीवाला आणि मादी झाली बाई. दोघं तळाशी राहतात आणि गिलकं तरंगतं, म्हणून तो दगड. "त्यासनी वर येवानं का गिलकानी खाले जावानं?" असं त्या मला समजावून सांगत.

अक्का सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेली. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या भाजीवाल्याने तिथूनच भाव कमी करावा. डॉक्टर भेटले की त्या पुस्तकी मराठी बोलत, बाकी जगाशी सोनगीरकडच्या आपल्या गावची अहिराणी. टाकीत हात घालण्याआधी त्या वॉर्डातल्यासारखे कोपरापर्यंत हात धुवायच्या, नखं तपासायच्या, पण माशांना बाधेल म्हणून साबण लावायच्या नाहीत. मी हसले की म्हणायच्या, "हात तेच शेत पोरी. आंग बदलनं फक्त." त्यांचं लग्न झालं होतं आणि नवरा सुरतला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला होता. त्याबद्दल त्यांचं एकच वाक्य असे: "तठे बरं शे त्याले." त्यापुढे विचारायची कोणाची टाप नव्हती.

वॉर्डात त्यांचा दरारा होता, तो विशेषतः पुरुषांवर. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर नवऱ्याचा पाय दिसला की अक्का गरजायच्या. पुढे घरोघरी सल्ला द्यायला जात तेव्हाही पहिलं काम म्हणजे बापाला बाहेरच्या खोलीत बसवणं. आपल्याकडे तसंही सव्वा महिना त्या खोलीत बायकांचंच राज्य असतं, अक्कांनी त्याला फक्त पहारा दिला होता.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर वाणाच्या सुगडांतलं एक सुगड त्यांनी टाकीत आडवं ठेवलं. शेजारच्या बायकांना ते रुचलं नाही, पण अक्कांना बोलणार कोण? दाढीवाला सुगडात शिरला आणि त्याने ते आपलं घर करून टाकलं. फाल्गुनात एका सकाळी अक्कांच्या हाकेने मी ओल्या हातांनी पळत गेले. सुगडाच्या आत केशरी अंड्यांचा घोस होता, भिजल्या साबुदाण्यासारखा टपोरा. अक्कांचा चेहरा मी तसा आनंदलेला कधी पाहिला नव्हता. पण त्यांनी आत वाकून पाहिलं तर नर तोंडाने अंड्यांना ढुशा देतोय, अंगाने रेटतोय, आणि बाई बिचारी बाहेर. एवढ्या वर्षांची सवय हातात उतरली. "चाल, बाहेर व्हय," म्हणत त्यांनी दाढीवाल्याला सुगडातून काढून पाण्याच्या बरणीत टाकलं आणि बाईला सुगडाच्या तोंडाशी लोटलं.

बाईने अंड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. दाढीवाला बरणीच्या काचेवर डोकं घासत राहिला. अंडी आधी फिकी पडली, मग त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढली, आणि अक्कांनी तो घोस चमच्याने उचलून तुळशीच्या मातीत पुरला. पुढच्या खेपेला भाचा आला तो दुकानदाराला विचारूनच. या जातीत अंडी बाप सांभाळतो, त्याने सांगितलं. रात्रंदिवस पंखांनी पाणी हलवत ठेवतो, तोंडाने साफ करतो, तेवढे दिवस खाण्याकडे फारसं बघतही नाही. आईचं काम अंडी घातली की संपतं.

अक्का टाकीपाशी जाऊन परत सुगडात बसलेल्या दाढीवाल्याकडे वाकून बघू लागल्या. मग म्हणाल्या, "मनी बठ्ठी नोकरी बापेसले वरांड्यामा बसाडामा गई. आनि आठेबी मी तेच करं." भाचा हसला. त्या हसल्या नाहीत.

मला तेव्हा दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझं माहेर म्हणजे भडगावला एकटा भाऊ. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. सासूबाई अमळनेरला अंथरुणाला खिळलेल्या. दवाखान्याची भीती नव्हती, तिथे अक्का बरोबर येणार होत्या. भीती होती ती त्यानंतरची. वैशाखाचं ऊन, पत्र्याच्या खोल्या, हातात एवढंसं मूल आणि शेजारी आई नाही. मी हे कोणाला बोलून दाखवलं नाही, पण अक्कांना बोलून दाखवावं लागत नसे. "मी शे ना," एवढंच म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "आनि तो शे." त्यांनी दाराकडे बोट केलं. दारात मधुकर सायकल पुसत होता. मला तेव्हा ती थट्टा वाटली.

मुलगी झाली त्याच आठवड्यात सुगडात पुन्हा अंडी दिसली. धुळ्याचा उन्हाळा असा की दुपारी नळाचं पाणी चटका द्यायचं, आणि वीज जायची ती नेमकी दुपारीच. वीज गेली की टाकीतली हवा सोडणारी मशीन बंद. अक्कांनी टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि तांब्यातांब्याने पाणी काढून उंचावरून परत टाकीत ओतायला लागल्या. या वेळी त्यांनी सुगडाला हात लावला नाही. दाढीवाला आत होता, शेपूट बाहेर, आणि त्याचे पंख सारखे हलत होते.

इकडे आमच्या खोलीत बाळ घामोळ्यांनी लालबुंद. मधुकर वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बाजेशेजारी बसला होता. मला बघायला आलेल्या बायकांनी त्याला पाहिलं आणि पदर तोंडाला लावले. एक वयस्क काकू म्हणाल्याच, "भाऊ, बाळंतिणीच्या खोलीत बसतात का कधी? बाहेर बसा." मधुकर ओशाळून उठला. मला वाटलं, झालं, आता दुपारभर मी एकटी. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून तांब्या हातात घेऊन अक्का आल्या, पदर भिजलेला, कपाळावरून घाम निथळतोय.

"त्याले बसू द्या," त्या म्हणाल्या. "बाप शे तो. एक डाव मी बापले हाकली दिधं, बठ्ठा पोरं गयात."

बायकांना त्यातलं काही कळलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर पुरुषांना उंबऱ्याबाहेर काढलं ती हे बोलतेय, एवढ्यानेच त्यांनी सरकून त्याला जागा दिली. मधुकर खाली बसला तो महिनाभर बसला. तो शिकवायचा त्या शाळेला सुट्टीच होती. लंगोट बदलणं, बाळाला शेक देणं, मला डिंकाचा लाडू आणून देणं, सगळं अक्का त्याच्याकडून करून घेत आणि चुकला की वॉर्डातल्यासारख्या ओरडत. लाडाने त्यालाही त्या दाढीवाला म्हणू लागल्या, त्याला धड मिशी नसताना. आईची आठवण मला त्या महिन्यात आली नाही असं नाही, पण तिच्यावाचून अडलं असं एकदाही वाटलं नाही. हे ऋण मी आजही मानते.

सुगडातून पिल्लं बाहेर आली तेव्हा मी बाळाला घेऊन टाकीसमोर बसले होते. जिऱ्याएवढी पिल्लं, आणि प्रत्येक जण आईबापासारखा काचेला चिकटलेला. अक्कांनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "देख वं माय, तुना भाऊबहिनी."

पुढे पिल्लं इतकी होत गेली की अक्का ती लोणच्याच्या बरण्यांतून वाटू लागल्या. पण मागेल त्याला मिळत नसत. नवीन बाळ झालेल्या घरी त्या जायच्या, आणि बाप पोराला मांडीवर घेऊन बसलेला दिसला तरच दुसऱ्या दिवशी बरणी पोचायची. आमच्या गल्लीत काही बाप केवळ अक्का येताना दिसल्या म्हणून पोरांना मांडीवर घ्यायला लागले. अक्कांना ते कळत होतं. "घेवाले तर लागनात," त्या म्हणायच्या.

काही वर्षांनी त्यांचं शेवटचं आजारपण आलं तेही उन्हाळ्याच्या तोंडावर. भाचा येऊन-जाऊन असे, जवळ आम्हीच. दवाखान्यात राहायला त्यांनी साफ नकार दिला. वीज गेली की मधुकर उशाशी बसून पंख्याने वारा घालायचा. एकदा त्यांचं अंग पुसायला शेजारच्या बायका आल्या आणि त्यांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो उठला, तसे अक्कांनी मिटल्या डोळ्यांनीच वारा घातल्यासारखे हात हलवले. "आंग पुसाय गये का त्याले बलाव," त्या मला म्हणाल्या. अंग पुसून झालं, मी हाक मारली, तो येऊन बसला. त्या गेल्या तेव्हाही त्याचा हात हलतच होता.

त्यांच्यामागे टाकी आमच्याकडे आली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, आणि ती भरायची मुलाने. अक्कांना मूल नव्हतं. त्या वर्षी आखाजीच्या सकाळी मधुकर न सांगता कुंभाराकडे गेला, घागर आणि तिच्यावर ठेवायचं छोटं मडकं घेऊन आला, आणि पाण्याने भरून अक्कांच्या नावाने पुजली. मुलगी त्याच्या मांडीला टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कोपरापर्यंत हात धुतले, साबण न लावता, आणि ते छोटं मडकं टाकीत आडवं ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर दाढीवाला आत शिरला होता.