वखारीतली लक्ष्मी

आबाजी मुकादमाला भक्ती सुचली ती नेमकी हंगामात. मेल्याला उन्हाळ्यात नाही सुचली, पावसाळ्यात नाही सुचली. भात झोडून वखारीत येऊन पडलं, कर्जतच्या ठेसनावर मालगाडीचे डबे लागायला लागले, आणि याच्या अंगात देव शिरला! प्लेगाच्या आधी दोन-तीन वर्षांची ही गोष्ट. वखार मुंबईच्या कुणा शेटची. शेट वर्षातून एकदा तोंड दाखवी, बाकी सगळा कारभार आबाजीकडे. भात कांडायला डझनभर बाया होत्या. दिवसभर उखळात मुसळ घालायचं आणि संध्याकाळी चार पैसे नि ओंजळभर कण्या पदरात घेऊन घरी जायचं.

जयवंता त्यांतलीच एक, पळसदरीची. नवरा घाटात खडक फोडताना सुरुंगाखाली गेला, मागे पारू नावाची एक पोर. बाई तोंडानं गरीब, हातानं वाघीण. आणि देवभोळी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक म्हणायला लागले की कांडपिणींनी देवधर्म सोडला. कसला सोडतायत! उखळाला चुकून पाय लागला तर जयवंता दहादा पाया पडे.

तर आबाजीनं कुठूनशी लक्ष्मीची काचेची तसबीर आणली, वखारीच्या भिंतीवर लावली आणि बायांना गोळा करून भाषण ठोकलं, "आजपासनं ही वखार नाय, देऊळ हाय. तुमी मजुरी करत नाय, सेवा करता."

सेवा म्हटली की मजुरीचं काय होतं, ते देवळात झाडू मारणारीला विचारा. रोज सकाळी आरती सुरू झाली, आणि तो वेळ कामात धरायचा नाही असं ठरलं. वहाणा बाहेर काढायच्या म्हणे. बायांना वहाणा होत्याच कुठं? आणि शेवटचा नियम असा, की बाहेरची झालेल्या बाईनं चार दिवस उंबरा ओलांडायचा नाही.

घरी चार दिवस बाजूला बसायची रीत सगळ्यांचीच. पण लावणीच्या चिखलात वाकलेली बाई कधी चार दिवस बांधावर बसलेली पाहिलीत? वखारीतही आजवर कुणी विचारलं नव्हतं. मुंबईकर तो तांदूळ खात होते नि पचवतही होते. आता मात्र लक्ष्मीला विटाळ! अहो, ती स्वतः कोण, बाप्या आहे काय?

रोज सकाळी आबाजी दारात उभा राहून एकेकीला विचारी, "शुद्ध हायस ना गं?" जे विचारायला माणूस घरच्या बायकोपुढं लाजतो, ते हा परक्या बायांना चारचौघांत विचारी आणि वर जपाची माळ ओढी. थू त्याच्या जिनगानीवर!

पहिल्या महिन्यात जयवंता खरं सांगून घरी बसली. कण्या बंद झाल्या. वाडीवरच्या ठकी ठाकरणीनं रानातले कडूकंद आणून दिले, ते उकडून उकडून पारूला घातले. पोर तोंड वाकडं करून खाई आणि पाणी पिऊन निजे. न्हाऊन माउली परत कामावर आली तर आबाजी म्हणाला, "पुढल्या खेपेला बसलीस तर उखळ दुसरीला देईन. हंगामात रिकामं उखळ मला परवडत नाय."

म्हणजे बघा! आलीस तर विटाळ, नाही आलीस तर उखळ गेलं. उखळ गेलं की पारूनं काय खायचं?

"खोटं बोल की गं," म्हातारी बायजा तिला म्हणाली. "आमी बोलतोच. त्यो काय बघाया येतोय?"

"मुकादमाशी बोलले असते, आत्ये. पन भिंतीवर ती बघतेय ना."

पुढला महिना आला. त्या दिवशी शेटचा निरोप होता की सांजच्या गाडीला डबा भरून गेलाच पाहिजे. जयवंता दारात आली. आबाजी आडवा उभा, मागे लक्ष्मी.

"शुद्ध हायस ना गं?"

तिनं तसबिरीकडं पाहिलं. "नाय," ती म्हणाली. "बाहेरची हाय मी."

"मग उखळ गेलं तुझं. चल, हो बाजूला!"

तेवढ्यात मागून बायजा म्हणाली, "मी बी बाहेरची हाय."

"म्हातारे, तुझी नातवंडं लग्नाला आली!"

"लक्ष्मीची किरपा, मुकादम. तुमीच म्हनता, देऊळ हाय म्हून."

मग काय! "मी बी हाय." "मी बी." एकजात सगळ्या बाया बाहेरच्या झाल्या आणि दारापुढं फतकल मारून बसल्या. आबाजीनं पाप काढलं, नरक काढला. दुसऱ्या बाया शोधायला माणूस धाडला, पण सुगीत रिकामी बाई मिळते होय? शेवटी स्वतः मुसळ उचललं. थोड्याच वेळात तळहाताला फोड आले नि धाप लागली. तांदूळ कमी, चुरा जास्त.

उन्हं डोक्यावर आली तसा तो बाहेर आला. आवाज लोण्यासारखा. "बायांनो, चला आत. जयवंता, तुझं उखळ तुझंच हाय. नुसतं म्हन, शुद्ध हाय म्हून."

"पन मी नाय ना."

"अगं म्हन! पाप माझ्या माथी."

"देवीम्होरं खोटं बोलाया सांगता, मुकादम?"

आबाजी तडक मागं फिरला. आत गेला, तसबीर खाली काढली, छातीशी धरली आणि घराकडं न्यायला निघाला. सगळ्या बाहेरच्या बायांच्या मधून गेला, कुणाच्या पदराला धोतर घासलं, पण विटाळ आठवला नाही. आठवलं ते ठेसन.

एकटी जयवंता चटकन उठून लांब सरकली. आपली सावली देवीवर पडू नये म्हणून. तिथूनच तिनं डोळे मिटून हात जोडले.

आबाजी तिच्यावर खेकसला, "अगं, हात काय जोडत बसलीस? कामाच्या वक्ताला देव देव करू नको!"