भाजीचं पाणी

आमच्या बाबांना एका घासात कळायचं, वांगं कोणत्या वावरातलं आहे. भातकुलीकडची आमची जमीन खारपाणपट्ट्यातली. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण बाबा म्हणायचे, "पानी खारं हाय म्हनूनच वांग्याले चव हाय." वांगी पहाटे तोडायची, ऊन चढलं की हात लावायचा नाही. पहिला तोडा बाजारात जायचाच नाही. धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच, काड्या पेटवून आधी आम्हीच भरीत खायचो. चिरलेली भाजी कुणी पाण्यात धुताना दिसलं, की आईची खैर नसायची. "जीव धुऊन काढला तिचा, आता चोथा खा," म्हणायचे.

त्याच खाऱ्या पाण्यानं बाबांच्या किडन्या नेल्या, असं सारं गाव म्हणतं. डॉक्टर काही छातीठोकपणे सांगत नाहीत. डायलिसिससाठी मी त्यांना अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या घरी आणलं. पथ्य काय, तर भाजीतले क्षार निघून जावेत म्हणून ती बारीक चिरा, भिजत घाला, उकळा आणि ते पाणी फेकून द्या. मीठ नावाला. ज्याच्यासाठी या माणसानं जन्मभर घर डोक्यावर घेतलं, तेच मी रोज मोरीत ओतायची. ओतताना वास यायचा आणि जीव तुटायचा. पण मले माझा बाप जिवंत पाहिजे होता.

धाकटा भाऊ सकाळच्या एसटीनं वावरातली वांगी पाठवायचा, अजून दव पुसलेलं नसायचं.

एका दुपारी बाबा जेवता जेवता थांबले. "हे बाजारातलं काहून आनून राहिली वं? भावाले सांग ना, आपल्या वावरातलं पाठव म्हना."

मी तोंडाची फटकळ. गोड खोटं मला कधी जमलं नाही. म्हटलं, "बाबा, हे आपल्याच वावरातलं आहे. आज सकाळीच तोडलं त्यानं."

त्यांनी आणखी एक घास घेतला. डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, एवढ्या एका घासाला चव लागू दे.

"नाही लागत," ते म्हणाले. मग ताटातली भाजी संपवली आणि हात धुतले. "त्याले सांग, उद्यापासून पाठवू नको. चांगला माल हाय, खानाऱ्याच्या घरी जाऊ दे."

संध्याकाळी भावाला फोन केला.

"काहून वं ताई," तो घाबरून म्हणाला, "वांगे खराब निघाले काय?"

"नाही रे," म्हटलं, "चांगले होते."