सुंदररावांची फुगलेली बॅटरी

युसूफ वडगावच्या सुंदररावांना म्हातारपण मंजूर नव्हतं. ना स्वतःचं, ना आपल्या वस्तूंचं. मिशीला कलप ठरलेला, आणि बॅटरीवरची स्कूटर गल्लीत मिरवल्याशिवाय केजला निघायची नाही. गावातली पहिली ना ती! पुढं केजच्या निम्म्या वाटेतच ती मान टाकायला लागली, तर खापर विजेवर. म्हणे, "करंटच पातळ येतोय!"

त्यांची लेक शिवकन्या पुण्याच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच तपासते. लिथियमच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या कशा होतात, फुगतात का, पेटतात कधी. बापाला त्याचं केवढं कौतुक! यंदा संक्रांतीला ती यायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला. त्यात लेकीचा फोटो बोराएवढा आणि बापाचा परातीएवढा.

दिवाळीनंतर आई, मुक्ताबाई, फोनवर सहज बोलून गेली होती. स्कूटरची काढून आत ठेवलेली बॅटरी फुगलीय, सूज उतरावी म्हणून ह्यांनी तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलंय, चार्जिंग मात्र रोज चालू हाय. शिवकन्यानं लगेच बापाला फोनवर बोलावून घेतलं. तिनं बापाला घसा फोडून सांगितलं, "दादा, दाबू नका, चार्ज करू नका. पेटली तर झोपेतल्या माणसाला उठायलासुद्धा सवड मिळणार न्हाई. आधी घराबाहेर काढा ती!"

"काय बी व्हत न्हाई! बापाला शिकवती का?" म्हणून सुंदररावांनी फोन ठेवला.

आता ती घरी आली, तर बॅटरी माजघरात तशीच. पोत्याखाली, चार्जिंगला, आईच्या उशाशी. शेजारची बापाची खाट तेवढी गायब. ती अंगणात गेलेली.

"आई, दादा कावून बाहेर निजतेत?"

"तुजा फोन आलता ना, तवापासून. म्हणतेत, आत लई उकडतंय."

पौषात! दोन गोधड्या अंगावर घेऊन उकडत होतं बिचाऱ्याला. म्हणजे बापानं लेकीचा शब्द न् शब्द ऐकला होता, फक्त स्वतःपुरता. शिवकन्याला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

तिनं चार्जर उपटला, पोतं बाजूला ढकललं, घमेल्यात वाळू भरून त्यात बॅटरी ठेवली आणि बाहेर निघाली. अंगणात सुंदरराव खाटेवर बसून, लेकीच्या सत्काराला जमलेल्या मंडळींना सांगत होते, "आमची पोरगी म्हंजे बॅटरीची डॉक्टर! तिच्या घरातली बॅटरी हाय ती. काय बी व्हत न्हाई!"

घमेलं खाटेजवळ आलं मात्र, आणि सुंदररावांनी जी उडी मारली ती अनवाणी थेट फाटकापाशी. "लांब ने! लांब ने ते!" मंडळी शाल आणि नारळ हातात धरून बघत राहिली.

शिवकन्यानं घमेलं आवाराच्या टोकाला, मोकळ्यावर नेऊन ठेवलं. मुक्ताबाई दारात उभी होती. तिनं रिकाम्या खाटेकडं बघितलं, मग फाटकाकडं. उभ्या संसारात ती पहिल्यांदाच चार पुरुषांसमोर मोठ्यानं बोलली.

"आवं, तिकडं कावून पळालाव? काय बी व्हत न्हाई की!"