कुसगावची खोटी चौकी

सेवेत असताना हाताळलेली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळे राहिले आहे.

मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका सोमवारी सकाळी पवनानगरहून फोन आला. धरणात जाळी ओढायला गेलेल्या मच्छीमारांना काठाजवळ एका तरुणीचे प्रेत दिसले होते. आम्ही जाऊन पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. अंगातल्या टी-शर्टवर एका कॅम्पसाइटचे नाव होते, तिथे चौकशी केल्यावर ओळख पटली. मुलगी बावीस वर्षांची, तंबूंच्या साफसफाईचे काम करणारी. वडील नव्हते. आई कुसगावजवळच्या वस्तीवर राहायची आणि बंगल्यांमध्ये धुणीभांडी करायची.

आईला बोलावून घेतले. तिने प्रेत ओळखले. रडली नाही. प्रेतावरची चादर नीट केली आणि म्हणाली, "सायेब, तक्रार दिलती की मी. शनिवारी दुपारी. दोन सायबांनी लिहून घेतली. येतो म्हनले. मी दोन दिस दारात बसून हाय."

मी ठाण्यात येऊन स्टेशन डायरी आणि मिसिंगचे रजिस्टर तपासले. शनिवारी अशी कोणतीही नोंद नव्हती. माझा पारा चढला. शनिवारी ड्युटीवर असलेल्या सगळ्यांना तिच्यासमोर उभे केले. आमचा ठाणे अंमलदार, जुना हवालदार, काहीतरी बोलायला गेला. त्याला मी गप्प बसवले.

"मावशी, यातलं कोण?"

"ह्यातलं कुनीच न्हाई. एक लय उंच व्हते, एक बुटके. चौकी तिकडं कुसगावात हाय."

तिने सांगितलेल्या रस्त्यावर आमची चौकी नव्हती. तिला गाडीत घेऊन निघालो. तिने एका बंगल्यापुढे गाडी थांबवायला सांगितली. फाटकावर 'पोलीस ठाणे' अशी निळी-लाल पाटी, बाजूला पोलिसांची जीप, ओसरीत बाकडे. आत टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेचे चित्रीकरण चालू होते. दोन तपास अधिकारी, एक उंच आणि नियमावर बोट ठेवणारा, दुसरा बुटका, खादाड. दोघांचे कधी पटत नाही, त्यातून सगळा विनोद. माझ्या घरीही ती मालिका पाहिली जायची.

त्या दोघांना बघताच मावशीने हात जोडले. "हेच ते सायेब."

तिला सांगणे मलाच भाग होते. "मावशी, हे पोलीस नाहीत. ही टीव्हीवरची माणसं आहेत."

तिने एकदा पाटीकडे पाहिले, एकदा माझ्या वर्दीकडे. "म्हंजे लिहून घेतल्यालं खोटं?" एवढेच विचारले.

दोघांचे जबाब मी वेगवेगळे घेतले. उंच नट वकिलाला फोन लावूनच बसला. त्याने सांगितले की दिग्दर्शक कधी कधी अचानक नवीन माणूस आत सोडतो. आम्ही न ठरवता काय बोलतो ते कॅमेऱ्यात टिपायचे असते. ती बाई त्यातलीच वाटली. दिग्दर्शकाची ती सवय खरीही होती. बुटक्याने वकील मागितला नाही. ज्याच्यावर दोष येणार नसतो असा माणूस सहसा भराभरा बोलतो. हा एकेक वाक्य तोलून सांगत होता.

तो म्हणाला, "शॉट संपला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना तिने माझे पाय धरले. कॅमेरा तेव्हा बंद होता. मला तेव्हाच कळलं साहेब, ही नटी नाही."

"मग काय केलंत?"

"पुढचा शॉट लागला होता."

सबंध नोकरीत मी नाना कारणे ऐकली. इतके खरे आणि इतके किरकोळ कारण क्वचितच कुणी दिले असेल.

आईने एका जीपचालकाचे नाव घेतले होते. तो पवनानगरच्या वाटेवर शेअर जीप चालवायचा आणि लग्नासाठी मुलीच्या मागे लागला होता. त्याला ताब्यात घेतले. "शुक्रवारी संध्याकाळी तिला बेगडेवाडी स्टेशनावर सोडली, त्यानंतर भेटच न्हाई," हे त्याचे पालुपद. मुलीच्या फोनचे आणि त्याच्या मामाच्या शेताचे आईने सांगितले होते, पण "मला मामाच न्हाई," म्हणून तो ते उडवून लावायचा. जीप धुऊन स्वच्छ केलेली, साक्षीदार कुणी नाही. दोन दिवस तो तसूभर हलला नाही.

त्या बंगल्यावरून जप्त केलेले चित्रीकरण मग आम्ही ठाण्यात लावले. मावशी खुर्चीवर बसली आहे, समोर चहा. ती पोरीचे सांगते आहे आणि मध्येच तिचा मोबाईल वाजतो. ती स्पीकर लावते.

"आये, ह्यानं कोंडून घातलंय गं मला. त्याच्या मामाच्या शेतावर..."

पाठोपाठ पुरुषाचा आवाज, "कुनाला फोन लावलाय? आन हिकडं."

बुटका नट फोनवर वाकून छाती फुगवतो. "घाबरू नका ताई, आम्ही निघालोच!" कॅमेऱ्यामागे हशा पिकतो. फोन बंद होतो.

जीपचालकाला ते ऐकवले. शनिवारी दुपारचा स्वतःचा आवाज ऐकून त्याने मामाचे नाव-गाव सांगून टाकले. त्याच दिवशी त्याने मामाच्या शेतावरची खोली दाखवली. तिथे मुलीची चप्पल आणि फुटलेला मोबाईल मिळाला. शवविच्छेदनात मृत्यू रविवारचा निघाला.

चित्रीकरणाचा सुरुवातीचा भाग मी नंतर एकट्याने पाहिला. उंच नट विचारतो, "आधी कुठे गेला होतात का?" मावशी सांगते, "मोठ्या ठान्यात गेलते. तितं मोठे सायेब फोनवर व्हते, ट्राफिकचं बोलत व्हते. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. हातानं असं केलं." आणि ती माशी हाकलावी तसा हात हलवून दाखवते. पुन्हा हशा.

त्या शनिवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता आणि वरिष्ठांचे फोनवर फोन येत होते. ते फोन मला आठवतात. ती बाई आठवत नाही. मी गप्प बसवलेला हवालदार तेव्हा काय सांगणार होता, ते आता कळले.

चित्रीकरण जसेच्या तसे दोषारोपपत्राला जोडले. माझी खातेनिहाय चौकशी झाली, सक्त ताकीद मिळाली. जीपचालकाला पुढे जन्मठेप झाली. निकालाला मी गेलो होतो. कोर्टाच्या आवारात मावशी भेटल्या.

"मावशी, पहिल्याच दिवशी मला ओळखलं होतं तुम्ही?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू, सायेब? तपास तुमच्याच हातात व्हता."

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. मी बदललो, असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. पण त्यानंतर काही महिन्यांनी, सलग सुट्यांच्या दिवसांत, पुन्हा रस्ता तुंबलेला असताना दारात कुणीतरी उभे राहिले आणि मान वर न करता मी म्हणालो, "थोड्या वेळानं या." शब्द तोंडातून गेल्यावर भानावर आलो. फोन तसाच टाकून बाहेर धावलो, फाटकापर्यंत गेलो, दोन्ही बाजूंना पाहिले. कुणी नव्हते. कोण होते, कशासाठी आले होते, ते मला आजतागायत कळलेले नाही.