आत्याबाईंचा उजवा कान

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाय. नवऱ्याला नाय, गंगापूरच्या माझ्या आईलाबी नाय. तुला सांगते — फक्त मधी बोलू नको.

माझ्या सासूला, आम्ही आत्याबाई म्हणतो, लई वर्षांची शुगर. हर्सूलला आमच्या गच्चीवर हिवाळ्यातलं दुपारचं ऊन मऊ पडतं. त्या माझ्या मांडीवर डोकं टेकवायच्या, उजवा कान वर करायच्या, आणि मी केसातला आकडा काढून हळूहळू कान कोरायची. तळ्याकडून वारा यायचा. त्यांचे डोळे मिटायचे, मग माझेबी. त्या घरात माझी म्हणून एवढीच जागा होती — असं वाटायचं मला. आता खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी मला डुलकी लागली. आत्याबाई कळवळल्या. आकड्याच्या टोकाला रक्ताचा ठिपका होता. तो मी पदराला पुसला आणि काय नाय झालं म्हणाले.

मग कान ठणकायला लागला. आमचे हे म्हणाले, दवाखान्यात नेऊ. मीच अडवलं — मळ असंल, लसणाचं तेल टाकते. का अडवलं? डॉक्टर विचारतील, आकड्याची गोष्ट बाहेर निघंल, म्हणून. एवढंच. पंधरा दिवस कोमट तेल टाकत राहिले. कानातून पू आला, दुखणं जबड्यात उतरलं, आणि एका सकाळी उजवा डोळा सुजून पुढं आला.

डॉक्टर म्हणाले, शुगर असली की कानातलं इन्फेक्शन हाडात शिरतं, कधी डोळ्यापर्यंत जातं. लवकर आणायचं होतं. कानात काय घातलं होतं का? मी फरशीकडं बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "मीच काडी घातली व्हती."

त्या डोळ्यानं त्यांना आता दिसत नाय.

त्या काडीवरून घरातले सगळे त्यांना बोलतात. आणि मागच्या दिवाळीत, नणंदेसमोर — मीबी बोलले. म्हणाले, कितीदा सांगितलं होतं, काडी घालू नका. कसं निघालं तोंडातून? आत्याबाई शेंगा सोलत होत्या. चांगल्या डोळ्यानं त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा सोलायला लागल्या.

आज दुपारी ऊन आलं तशा त्या मांडीवर आल्या, तोच कान वर केला. मी नुसता केसांवरून हात फिरवत राहिले. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "आकडा कुठंय गं तुझा?"

हरवला, म्हणाले मी. केसातच होता.