सुमनबाईंच्या तीन वह्या

माझ्या नवऱ्याला वाटतं, कपाटाच्या खालच्या खणात माझ्या जुन्या साड्या आहेत. आहेतच. पण साड्यांखाली तीन वह्या आहेत, आणि त्या तिथं का आहेत हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. त्यालाच काय – कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

कामापासून करते. मी पुण्यात एका आरोग्य-संशोधन संस्थेत आहे. शोध घेणं हे माझं काम – म्हणजे रोगाचा नव्हे, कागदाचा. एखाद्या प्रश्नावर आजवर कुणी काय लिहून ठेवलंय ते हुडकायचं. छापून आलेले निबंध संगणकावर मिळतात. खरी मेहनत असते ती न छापलेल्या कागदांची. आमच्यात त्याला ‘ग्रे लिटरेचर’ म्हणतात. कार्यालयातले धूळ खाणारे अहवाल, संस्थांच्या टाचलेल्या पुस्तिका, एखाद्या नर्सनं स्वतःपुरत्या ठेवलेल्या नोंदी. त्यासाठी जावं लागतं. बसावं लागतं. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो रजेवरून परतायची वाट बघावी लागते. नव्या मुलामुलींना हे मीच शिकवते. छापलं गेलं नाही म्हणजे घडलंच नाही असं समजू नका – वर्गात किती वेळा म्हटलंय मी हे! आणि म्हणताना माझा आवाज जराही कापत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम आलं. डोंगरातल्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात रस्ते तुटतात, बाळंतपणाला निघालेली बाई अडकते. तेव्हा दिवस भरत आलेल्या बाईला आधीच खाली आणून ठेवायचं, तिच्यासाठी दवाखान्याला लागून एक खोली, सोबत घरचं एक माणूस, दोन वेळचं जेवण – अशी योजना होती. खोल्या थोड्या होत्या. कुठल्या भागाला आधी द्यायच्या, हे आमचा अहवाल बघून ठरणार होतं. माझ्या वाट्याला जे तालुके आले त्यांत महाड आणि पोलादपूर होते.

मी मूळची महाडची. बाकीच्या तालुक्यांत मी गेले, चपला झिजवल्या. महाड-पोलादपूरला गेले नाही.

का नाही गेले? आजारी नव्हते. रजा मिळाली असती. वेळही होता. मला वाटलं, हे तर आपलंच गाव – तिथं काय असणार ते मला ठाऊक नाही का? आणि मी लिहिलं : ‘महाड व पोलादपूर तालुक्यांत प्रत्यक्ष भेटी देऊन शोध घेतला, अप्रकाशित नोंदी आढळल्या नाहीत.’ आमच्या विभागप्रमुख सरांनी विचारलं, तिकडचं झालं ना? मी हो म्हटलं. मसुदा गेला.

इथवर तो आळस होता. खोटेपणाही होता, पण अजून पुसता येण्यासारखा.

त्यानंतरच्याच रविवारी महाडजवळ नाते गावात मामेबहिणीचा साखरपुडा होता. पंगतीत माझ्या शेजारी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई बसली होती. मामीनं ओळख करून दिली – सुमनबाई, पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये सगळी नोकरी काढलेली नर्स, आता निवृत्त, तिकडेच कापडे गावात राहतात. मी काय काम करते हे मामीनंच कौतुकानं सांगितलं. सुमनबाईंचा हात पुरीवरच थांबला. ‘बाळंतपणांचं? मग उद्या घरी ये गो बाय. तुला दाखवायचं हाय.’

टाळता आलं असतं. पण गेले. कदाचित मनात धाकधूक होती म्हणूनच गेले.

ओटीवर त्यांनी तीन लांबड्या वह्या आणून ठेवल्या. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेल्या. एका ओळीला एक बाई. नाव, वाडी, कितवं बाळंतपण, आणि पुढे – कुठे झालं. मी बोटानं ओळी वाचत गेले. ओढ्याच्या अलीकडे. खिंडीत, डोली खाली ठेवून. आंब्याखाली. जीपमध्ये. आणि शेवटच्या रकान्यात बाळाचं. रडलं. रडलं. रडलं नाही. रडलं. आई गेली, बाळ आजीकडे.

मी विचारलं, हे वर कळवलं नव्हतं का?

‘कळवू कसं? सरकारी फार्मात घर हाय नि दवाखाना हाय. वाट नाय. वाटंत झालेलं मी कुठं लिहू? सायेब म्हणायचे, घरी झालं म्हणून लिहा. मी लिहायचे. पण खोटं लिहिलं की मला झोप नाय यायची. म्हणून घरी येऊन या वहीत खरं लिहायचे.’

खोटं लिहिलं की झोप नाय यायची. माझ्याकडे बघून म्हणाल्या त्या हे – अगदी सहज. त्यांना काय माहीत?

वह्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. माझ्याकडं पडून काय कामाच्या, तुझ्या पुस्तकात घाल म्हणाल्या. घालते, मी म्हटलं. परतताना गाडीत वह्या मांडीवर होत्या आणि मला वाटत होतं, उद्या सकाळी पहिल्यांदा सरांच्या खोलीत जायचं.

अहवाल छापायला जायला आठ दिवस होते. आठ दिवस खूप असतात. मी रोज वह्या पिशवीतून न्यायचे आणि रोज परत आणायचे. त्या सरांपुढे ठेवायच्या म्हणजे आधी म्हणावं लागणार होतं – सर, मी तिकडे गेलेच नव्हते. मग सरांनी विचारलं असतं, बाकीच्या तालुक्यांचं तरी खरं आहे का? नव्या मुलांना कळलं असतं. आणि मी कोण? शोध कसा घ्यावा हे शिकवणारी बाई! आठव्या दिवशी मी पिशवीतून वह्या काढल्या आणि साड्यांखाली ठेवल्या.

पुढे खोल्या मिळणाऱ्या भागांची यादी लागली. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या वरच्या अंगाच्या वाड्या, सुमनबाईंच्या वह्यांतल्याच, तीत नव्हत्या. कारण एका ओळीत दिलं होतं – या भागातून गरजेची नोंद आढळत नाही. आणि खाली आमच्या अहवालाचा हवाला. ती ओळ मी ऑफिसात वाचली, कागद पुढच्या टेबलावर सरकवला आणि डबा खाल्ला. हेही सांगायला हवं – मी डबा खाल्ला.

दुसऱ्या वर्षी श्रावणात सुमनबाईंचा फोन आला. वरच्या वाडीतली कल्पना म्हणून मुलगी. नवरा मुंबईला हॉटेलात. पहिलंच बाळंतपण. रस्त्यावर दरड आलेली, जीप वर चढेना. म्हाताऱ्या सासऱ्यानं आणि शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून खाली आणायला घेतलं. निम्म्या वाटेवर झालं. मुलगी. सुमनबाई आता नोकरीत नाहीत, तरी बोलावणं आलं म्हणून खालून चढत निघाल्या होत्या. त्या पोचल्या तेव्हा कल्पना दगडाला टेकून बसली होती आणि पदरात गुंडाळलेलं तसंच धरून होती. द्यायला तयार नव्हती.

हे सगळं सांगून झालं. मला वाटलं, आता विचारतील – त्या खोल्यांचं काय झालं गो? त्यांनी ते विचारलं नाही. म्हणाल्या, ‘वही तुझ्याकडं हाय ना? मग तूच लिव. मी सांगते तसं लिव.’

आणि मी लिहिलं. फोन कानाशी धरून, साड्या बाजूला करून, तिसरी वही काढून. त्यांच्या गोल, सावकाश अक्षराखाली माझं सुवाच्य शिकलेलं अक्षर. नाव. वाडी. पहिलं. कुठे झालं – वळणाच्या पुढे, दगडापाशी. शेवटचा रकाना त्यांनी सांगितला नाही. मला ठाऊक होतं काय लिहायचं ते.

‘लिवलंस?’

लिहिलं, मी म्हटलं.

‘बरं झालं बाय तू हायस. नायतर ह्यांना कोण लक्षात ठेवणार?’

खोली असती तर कल्पनाची मुलगी जगली असती का? मला माहीत नाही. वह्या पुढे ठेवल्या असत्या तरी खोली मिळालीच असती, असंही नाही. इतकी वर्षं मी या ‘माहीत नाही’च्या आड उभी राहिले. पण माहीत नाही, कारण माहीत करून घ्यायचा जो एक रस्ता होता तो मीच बंद केला.

परवा एका नव्या अहवालाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. लिहिणारी मुलगी मेहनती, माझीच विद्यार्थिनी. रायगड जिल्ह्याच्या परिच्छेदात तिनं महाड-पोलादपूरबद्दलचं माझं ते वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं, माझ्या नावासकट, आणि त्यावरून पुढचा निष्कर्ष काढला होता – या भागात पुन्हा शोध घेण्याची आवश्यकता नाही. मी मसुदा वाचला. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. त्या वाक्याला हात लावला नाही, आणि खाली सही करून तो पुढे पाठवला.