अळणी टेबल

मी गाईडचं लायसन्स काढलं तेव्हा आमच्या शहरात बाई गाईड जवळजवळ नव्हतीच. कॉलेजात फ्रेंच शिकले होते, इंग्रजी बरं होतं, आणि नको म्हणायला वडील उरले नव्हते. आई फक्त एवढंच म्हणाली, "लेणी दाखवायचीत तर दाखव, पण दुपारी उपाशी राहू नको." वेरूळहून परतताना पाहुण्यांना कुठंतरी जेवायला न्यावंच लागायचं. त्या निमित्तानं मी उस्मानपुऱ्यातल्या त्या हॉटेलात जायला लागले, आणि पुढं सहा-सात वर्षं जात राहिले.

बैठं घर होतं. पुढच्या खोलीत पाच टेबलं, मागं स्वयंपाकघर, परसात सब्जाचे वाफे. पाटीवर 'इटालियन भोजन' एवढंच लिहिलेलं. लोक मात्र त्याला 'मेमचं हॉटेल' म्हणत. मालकांना सगळे मामा म्हणायचे. ते मेंढपाळाच्या घरचे. पोरवयात मुंबईला पळाले, बोटीवर भटारखान्यात लागले आणि इटलीच्या एका बंदरावर एका बाईच्या खानावळीत रोज जेवायला जाऊ लागले. त्या खानावळवाल्या बाईच्या मुलीशी लग्न करून ते परत आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावात लोकांना वाटलं, सरकारनं कुणी गोरी बाई चौकशीला पाठवली. पहिले दोन दिवस तिच्याशी कुणी बोललंच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मक्याच्या पिठाचं काहीतरी शिजवलं. सासूनं चाखलं आणि म्हणाली, "हा तर आपला घाटाच की." मग सगळं सुरळीत झालं.

मामांच्या या बायकोला, मेमला, मी चांगली चार वर्षं पाहिली. मराठी बोलायची ती सासूकडून शिकलेली, अगदी वाडीवरची. दिराच्या मेंढ्यांच्या दुधाचं चीज करायची, शेवया हातानं लाटून कापायची. शेवटी शेवटी तिला उभं राहवेना. मग ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लसूण सोलायची आणि तिथंच जेवायची. मामा तिचं ताट वेगळं आणून ठेवत. एका उन्हाळ्यात ती गेली. महिनाभर हॉटेल बंद राहिलं, मग मामांनी एकट्यानं पुन्हा सुरू केलं. चवीत काडीचाही फरक नव्हता.

दाराशी एक वही असायची. पाहुणे त्यात अभिप्राय लिहीत. मामांना वाचता येत नव्हतं, म्हणून आठवड्यातून एकदा मी त्यांना वाचून दाखवायची. ते हात पुसत समोर बसायचे आणि ऐकताना डोळे मिटून घ्यायचे.

मेम गेल्यावर दोनेक महिन्यांनी वहीत विचित्र नोंदी दिसू लागल्या. एका फ्रेंच मास्तरीणबाईनं लिहिलं होतं, 'इटलीत इतकं चांगलं जेवले नाही.' त्याच दिवशी, तिच्याच खाली, दुसऱ्या कुणीतरी इंग्रजीत लिहिलेलं: 'अन्नात मीठ अजिबात नाही. चीजसुद्धा खडूसारखं. जेवताना कारण नसताना रडू आलं.' मला वाटलं, असतो एखादा माणूस. मी ती नोंद वाचलीच नाही. पान उलटलं आणि म्हटलं, "सगळे खूश आहेत, मामा."

पुढच्या आठवड्यात अशा दोन निघाल्या. नंतर जवळजवळ रोज एक. एकाच दिवशी, एकाच भांड्यातलं खाऊन कुणी आचाऱ्याच्या हातांचे मुके घ्यावे असं लिही, तर कुणी लिही की घास घशाखाली उतरत नाही, आजाऱ्याचं जेवण वाढलं. एका मुंबईच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'माझ्या मागं कुणीतरी उभं राहून मी संपवतो का ते बघत आहे असं सारखं वाटत होतं.' मी ते सगळं गिळत गेले. त्यांच्या जागी मनानं काहीबाही गोड वाक्यं रचून वाचायची. मामा डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "तिचाच हात हाय तो. मी निस्ता हलवतोय."

मग थंडीतली ती दुपार आली. माझ्याबरोबर सहा फ्रेंच पाहुणे होते. चौघं मधल्या मोठ्या टेबलावर बसले आणि दोघी बहिणी खिडकीजवळच्या टेबलावर. साठीपुढच्या, हसऱ्या, सकाळपासून एकमेकींची चेष्टा करत चाललेल्या. मामांनी टोमॅटोच्या रसातल्या शेवया वाढल्या. मोठ्या टेबलावरचे वा वा करू लागले. बहिणींनी दोन घास खाल्ले आणि चमचे खाली ठेवले.

थोरली मला म्हणाली, "बाई, आचारी मीठ घालायचं विसरला."

धाकटी म्हणाली, "फक्त मीठ नाही. काहीच घातलेलं नाही. पाणी खाल्ल्यासारखं लागतंय."

मोठ्या टेबलावरच्या एकानं हसून सांगितलं की आमचं तर फार छान आहे, इकडं आणा बघू. थोरली ताट घेऊन तिकडं गेली. त्यानं तिच्या ताटातलं खाल्लं आणि म्हणाला, "बरोबर आहे की." तिनंही उभ्या उभ्या एक घास घेतला. तिचा चेहरा बदलला. मीठ होतं. ती ताट घेऊन खिडकीशी परत आली, बसली, पुन्हा खाल्लं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

तिनं असं तीनदा केलं. पहिल्या वेळी सगळे हसले. दुसऱ्या वेळी थोडे. तिसऱ्यांदा ती परत येऊन बसली तेव्हा कुणी हसलं नाही. धाकटीनं शाल खांद्यावर ओढून घेतली आणि विचारलं, "इथं कोण बसतं?"

तेवढ्यात मामा बाहेर आले. "काय म्हनत्यात त्या?"

मला तेव्हाही काहीतरी रचता आलं असतं. पण थोरलीनं ताट अजून हातातून खाली ठेवलं नव्हतं. मी खरं सांगितलं. या टेबलावर मीठ लागत नाही म्हणतात. तिथं लागतं, इथं नाही.

मामांनी खिडकीकडं पाहिलं आणि आत गेले.

पाहुण्यांना गाडीत बसवून त्यांच्या मुक्कामाच्या हॉटेलवर पाठवलं आणि मी पुन्हा मामांकडं आले. तीन वाजले असतील. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, तरी त्या खोलीत मला एकटं बसवेना. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून मामांना वहीबद्दल सगळं सांगितलं. किती नोंदी लपवल्या, किती खोट्या वाचल्या तेही सांगितलं. वाटलं, रागावतील. ते एवढंच म्हणाले, "आता वाच."

मी वाचलं. अर्धा तास लागला. प्रत्येक नोंदीला ते तारीख विचारायचे आणि थोडा वेळ आठवून म्हणायचे, "व्हय. खिडकीतच बसलं व्हतं." एकही चुकली नाही.

मग त्यांनी भांड्यातल्या उरलेल्या शेवया ताटात घेतल्या आणि खिडकीजवळ जाऊन बसले. मेम गेल्यापासून ते त्या खुर्चीवर बसले नव्हते. पहिला घास तोंडात घातला आणि लगेच ओंजळीत काढला. उठून तांब्याभर पाणी प्यायले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रडण्याचं नव्हतं.

"नुसतं मीठ हाय," ते म्हणाले. "मिठागरातलं उचलून तोंडात टाकल्यावानी. तू बघ."

मी त्याच ताटातलं, त्याच खुर्चीवर बसून खाल्लं. मीठ नव्हतं. टोमॅटो नव्हता, लसूण नव्हता. गरम काहीतरी जिभेवरून गेलं, बस्स. आणि त्या गृहस्थांनी लिहिलं होतं तसंच माझ्या मानेमागं कुणीतरी थांबलंय असं वाटलं. मी मागं बघितलं नाही.

मामा जमिनीवर भिंतीला टेकून बसले.

"डॉक्टरनं तिचं मीठ बंद केलं व्हतं. ती पाळायची. अळणी खायची आन रोज म्हनायची, चालतंय की. मला बघवत नव्हतं. जल्मभर लोकान्ला चव दिली तिनं. मग मी गुपचूप चिमूटभर टाकायला लागलो. मग दोन चिमटी. घास जायला लागला तिचा. मला लई बरं वाटायचं."

"त्यांना कळलं नाही?"

"तिला कळनार नाय व्हय? पानी उकळायलं तरी वासावरून सांगायची मीठ किती हाय. कळत व्हतं तिला. पर बोलली नाय कधी. मी दिलेलं म्हनून खायची. डॉक्टर मेंदूतली शीर फुटली म्हनले. मी डॉक्टरला बी नाय सांगितलं."

मी म्हटलं, वय झालं होतं, दोन चिमटीनं काही होत नसतं. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खिडकीजवळ कुणाला बसवलं नाही. रोज एक वाजता वेगळ्या पातेल्यात मीठ न घालता शिजवायचे, ताट त्या टेबलावर ठेवायचे आणि समोर बसून स्वतः खायचे. मी गेले की विचारायची, "आज?"

"खारंच."

मिठाचा कण नसलेलं अन्न त्यांना खारट लागत होतं. तरी ते सगळं संपवत. ओठ फुटले, चेहरा ओढला गेला. मी नका खाऊ म्हटलं तर म्हणाले, "तिनं दीड वरीस खाल्लं." महिना झाला, सव्वा महिना झाला. इतर टेबलांवर लोक मजेत जेवत, फोटो काढत, आणि कोपऱ्यात हा माणूस एकेक घास पाण्याबरोबर उतरवत असायचा. पाहुणे मला विचारायचे, ते आजारी आहेत का. मी हो म्हणायची.

एका दुपारी मी लवकर पोचले. मामा परसात सब्जाची पानं खुडत होते. ओट्यावर ते वेगळं पातेलं मंद उकळत होतं, शेजारी मिठाची बरणी. मी बरणीत हात घातला आणि पातेल्यात चांगलं दोन चिमटी मीठ टाकलं. का टाकलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. दया आली होती, हे खरं. पण हात माझाच होता असंही मला पूर्ण खात्रीनं म्हणता येत नाही. टाकून झाल्यावर बोटं बघितली तेव्हा ती गार पडली होती. मी ढवळलं, आणि चमचाभर चाखून बघितलं. नेमकं मीठ होतं.

मामांनी ताट वाढून घेतलं आणि खिडकीशी बसले. मी मधल्या टेबलाला धरून उभी होते. त्यांनी पहिला घास खाल्ला. थांबले. दुसरा खाल्ला. पाण्याला हात लावला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"अळणी हाय," ते म्हणाले. "आज अळणी लागतंय." आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी ताट बोटांनी पुसून खाल्लं. मग खुर्चीला टेकून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्यापास्नं बसव इथं कुनालाबी."

मीठ मी टाकलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढंही नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ एका बंगाली जोडप्याला बसवलं. ते जेवत होते तोवर मी हलले नाही. बाईंनी दोनदा लिंबू मागितलं, बाकी काही नाही. त्या आठवड्यात वहीत सगळं चांगलंच लिहिलेलं होतं आणि मी शब्दन् शब्द खरं वाचलं. मामांनी आणखी दोन वर्षं हॉटेल चालवलं आणि मग भावाकडं गावी निघून गेले. जायच्या आधी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि विचारलं, कुठं बसतेस. मी मधल्या टेबलावर बसले. ते माझं ताट ठेवून आपलं ताट घेऊन खिडकीपाशी बसले, समोरची रिकामी खुर्ची कुणी बसणार असल्यासारखी थोडी ओढून ठेवली आणि जेवायला लागले.